रायचूर-सोलापूर वाहिनी आणि देशाचे वीजजाळे

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी आम्हाला प्रश्न विचारला. "वीज साठवता येत नाही असे आपण मुलांना सांगतो. मग रात्री सगळे झोपल्यावर कारखान्यात तयार झालेली वीज जाते कुठे?" प्रश्न साधा वाटला तरी त्याला चटकन उत्तर देता येईना. 'कुठेही जात नाही, कारण तेवढी तयारच होत नाही' हे उत्तर बरोबर आहे. पण ते देताच दुसरा प्रश्न उभा राहतो. सोलापुरात कोणी पंखा बंद केला हे चंद्रपूरच्या जनित्राला कळते कसे? त्याला ना फोन जातो, ना तार.

त्याला कळते ते स्वतःच्या फिरण्यावरून. मोठ्या औष्णिक केंद्रांतले जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 50. आपल्या घरातल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते ती यामुळेच. गिऱ्हाइकांची मागणी वाढली की जनित्राचा आस फिरवायला जड जातो. चढ लागलेल्या गाडीसारखा तो किंचित मंदावतो आणि 50 चे 49.9 होतात. मागणी घटली की तो वेग घेतो. टर्बाइनवरचा नियंत्रक हा बदल हेरून वाफेची किंवा पाण्याची झडप कमी-जास्त करतो. मधल्या काही सेकंदांत लागणारी ऊर्जा शेकडो टन वजनाच्या फिरत्या आसांच्या गतिज ऊर्जेतून येते. 'साठवता येत नाही' या वाक्याला एवढा अपवाद मुलांना जरूर सांगावा. (धरणे आणि बॅटऱ्या हा आणखी एक अपवाद, पण तो विषय वेगळा.)

आता एकाच जाळ्यावर शंभर जनित्रे असतील तर ती सगळी एकाच ठेक्यात फिरली पाहिजेत. पूर्वी लोखंडी नांगराला सहा-आठ बैल जुंपत. एक बैल थोडा पुढे, एक थोडा मागे असला तर चालते. मागचा ओढला जातो, पुढच्यावर ताण येतो, पण चाल सगळ्यांची एकच राहते. अंतर फार वाढले तर मात्र दोर तुटतो. जनित्रांमधल्या या मागेपुढेपणाला अभियंते कलाकोन म्हणतात, आणि दोराच्या जागी असतात पारेषण वाहिन्या. हा दोर कसा विणला गेला आणि कधी कधी तो का तुटला, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवातीला जाळे नव्हतेच. 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुमारे एक लाख व्होल्टच्या वाहिनीने मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. एक केंद्र, एक वाहिनी, एक शहर असा तो मामला होता. दाब एवढा मोठा का, हे दहावीच्या मुलालाही काढता येते. तेवढीच शक्ती दसपट दाबाने पाठवली तर प्रवाह एक दशांश लागतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने एक शतांशावर येतो.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने राज्यांची वीज मंडळे आली. आपले महाराष्ट्राचे मंडळ 1960 चे. 1964 मध्ये देशाचे उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य असे पाच विभाग पाडून प्रत्येकासाठी प्रादेशिक मंडळ नेमले गेले. विभागातली राज्ये हळूहळू एकमेकांना जोडली गेली, विभाग मात्र आपापल्या चालीने चालत राहिले. एकाच क्षणी पश्चिमेत 49 हर्ट्झ आणि पूर्वेत 51 असे घडू शके. पूर्वेकडे कोळसा जवळ आणि मागणी कमी, त्यामुळे रात्री वीज नकोशी. इकडे मात्र भारनियमन.

शेजाऱ्याकडे जास्त आहे, आपल्याकडे कमी आहे, मग तार का जोडायची नाही? कारण चाल जुळत नाही. वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन जाळ्यांना प्रत्यावर्ती प्रवाहाच्या तारेने जोडणे म्हणजे दोन वेगळ्या चालीच्या बैलजोड्या एका जुवाला बांधणे. यावर तोड म्हणून दिष्ट प्रवाहाचे दुवे आले. 1989 साली विंध्याचलला आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला अशी केंद्रे उभी राहिली. एका बाजूची प्रत्यावर्ती वीज आत येते, तिचे दिष्ट प्रवाहात रूपांतर होते, आणि त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती करून ती पलीकडच्या विभागाला त्याच्या वारंवारतेने दिली जाते. दिष्ट प्रवाहाला वारंवारताच नसल्याने चालीचा प्रश्न उरत नाही. ही केंद्रे महाग असतात, आणि त्यांतून ठरावीक तेवढीच वीज जाते.

खरी जोडणी करायची तर आधी प्रत्येक विभागाला 50 च्या आसपास राहायला शिकवणे भाग होते. इथे एक मजेदार गोष्ट घडली. आम्हाला तरी या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत हुशारीची वाटते. भानू भूषण या अभियंत्याच्या पुढाकाराने 2002-03 मध्ये विभागाविभागांत नवी दरपद्धत लागू झाली. सुरुवात पश्चिम विभागापासून, जुलै 2002 मध्ये. राज्याने ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर तिचा दर त्या क्षणाच्या वारंवारतेवर ठरे. वारंवारता खाली असेल तर दर चढा, वर असेल तर अगदी कमी. आज बाजारात काय भाव आहे हे कळायला वेगळी यंत्रणा नको. भाव प्रत्येक सॉकेटमध्ये लिहिलेला! थोड्याच काळात वारंवारता सुधारली. पुढे तिची अनुज्ञेय मर्यादाही आवळत गेली, आणि 2014 पासून ती 49.90 ते 50.05 अशी आहे. (हा चढा दर भरूनही जास्त ओढणारी राज्ये उरलीच. पैसा हा काही रिले नव्हे.)

दरम्यान विभाग जोडले जात होते. पूर्व आणि ईशान्य 1991 मध्ये एक झाले, पश्चिम त्यांना मार्च 2003 मध्ये मिळाला, उत्तर ऑगस्ट 2006 मध्ये. दक्षिण तेवढा बाहेर राहिला.

आणि मग 30 जुलै 2012 ची पहाट आली. त्या वर्षी उत्तरेत पाऊस ओढ देत होता. शेतातले पंप अहोरात्र चालू होते, उकाडा होताच. पश्चिम विभागात पाऊस झाल्याने मागणी कमी, म्हणून वीज पश्चिमेकडून उत्तरेकडे वाहत होती. त्या वाटेवरच्या अनेक वाहिन्या दुरुस्ती आणि विस्ताराच्या कामांसाठी बंद ठेवलेल्या. उरलेल्यांपैकी मध्य प्रदेशातल्या बीना ते ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्ट वाहिनीवर भार फार वाढला. पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी ती आपोआप बंद पडली.

ती का पडली, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. वाहिनीच्या टोकाला बसवलेला रिले दाब आणि प्रवाह मोजून त्यांचा भागाकार सतत काढत असतो. ओहमच्या नियमाने हा भागाकार म्हणजे रोध. तार कुठे जमिनीला टेकली किंवा झाडाला लागली तर दाब पडतो, प्रवाह वाढतो आणि भागाकार लहान होतो. तो जितका लहान, तितका बिघाड जवळ. त्या पहाटे बिघाड कुठेच नव्हता. पण भारामुळे प्रवाह एवढा वाढला आणि दाब एवढा उतरला की भागाकार 'दूरवरच्या बिघाडा'च्या मर्यादेत शिरला. रिलेने शिकवल्याप्रमाणे वाहिनी तोडली. त्याचे गणित चुकले नव्हते, प्रश्न चुकीचा होता.

वीज मग पूर्वेच्या लांबच्या वळशाने उत्तरेकडे जाऊ लागली. कलाकोन वाढला, दोर ताणला आणि काही सेकंदांत उत्तर विभाग तुटला. एकटा पडताच त्याला काही हजार मेगावॉटची तूट आली, वारंवारता घसरत गेली. अशा वेळी भाराचे काही भाग आपोआप तोडणारे रिले असतात. त्यांनी पुरेसा भार तोडला नाही. जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकेक करून सुटली आणि दिल्लीपासून काश्मीरपर्यंत अंधार झाला. दिवसभरात वीज परत आणली गेली. दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला दुपारी 1 वाजता, तीच वाहिनी त्याच कारणाने पुन्हा पडली. या वेळी तुटण्याची जागा पूर्व विभागाच्या आत होती, म्हणून उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही गेले. सुमारे 48,000 मेगावॉट भार गेला. त्या प्रदेशांत साठ कोटींहून अधिक लोक राहत होते. शेकडो रेल्वेगाड्या जागीच थांबल्या, बंगालमध्ये खाणकामगार काही तास जमिनीखाली अडकले आणि नंतर सुखरूप वर आले. महाराष्ट्रात मात्र दिवे चालू होते. उत्तरेला जाणारी वीज अडल्यामुळे आपल्याकडे वारंवारता उलट वाढली होती. दक्षिण दिष्ट प्रवाहाच्या दुव्यांपलीकडे असल्यामुळे वाचला.

मग साहजिकच प्रश्न आला. वेगळे राहिल्यामुळे दक्षिण वाचला, तर त्याला जोडायचे कशाला? जोडण्याच्या बाजूनेही तेवढेच ठोस कारण होते. तमिळनाडूत त्या काळात रोज कित्येक तास वीज नसे, आणि पश्चिमेत शिल्लक असूनही ती नेण्याइतकी वाट नव्हती. आमच्या मते जोडण्याचा निर्णय योग्यच होता. 2012 चा दोष जाळ्याच्या मोठेपणाचा नव्हता. वाटा बंद असताना भार न आवरण्याचा होता.

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही सुमारे 200 किलोमीटरची 765 किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिण उरलेल्या देशाच्या चालीत आला. जोडण्याचा क्षण निवडावा लागतो. दोन्ही बाजूंची वारंवारता जवळजवळ सारखी, दाब सारखा आणि दोन्ही तरंगांची शिखरे एकाच वेळी येणारी, असा क्षण साधून स्विच मिटतात. पण दोन महाकाय जाळ्यांमधली एकटी वाहिनी म्हणजे दोन बोटींमधली सुतळी. म्हणून सुरुवातीला तिच्यावरून फारशी वीज सोडली गेली नाही. शेजारी आणखी वाहिन्या आल्या तसा भार वाढवत नेला.

या जाळ्याची सर्वांत मोठी परीक्षा 5 एप्रिल 2020 ला झाली. रात्री 9 वाजता नऊ मिनिटे घरचे दिवे मालवण्याचे आवाहन होते. काही मिनिटांत मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने उतरली आणि पुन्हा चढली. अभियंत्यांना वेळ आधी माहीत होती. त्यांनी जलविद्युत केंद्रे आधीच पूर्ण जोमाने चालवून ठेवली होती, कारण पाण्याची झडप झटकन मिटता येते, कोळशाची भट्टी नाही. वारंवारता थोडी हलली, जाळे टिकले. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबई महानगर मात्र अंधारात गेले. कळव्याकडे येणाऱ्या 400 किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या, आणि बाहेरचे जाळे तुटले तर शहराला वेगळे काढून जगवण्यासाठी 1981 पासून असलेली व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही.

हे सारे मोठे प्रसंग. खेड्यातल्या शाळेची वीज जाते ती बहुतेक वेळा यामुळे नव्हे, तर 11 किलोव्होल्टच्या तारेवर फांदी पडल्याने किंवा रोहित्र जळल्याने. रोहित्र का जळते हे मुलांना बरेचदा शिक्षकांपेक्षा चांगले ठाऊक असते. वीज येताच पंप आपोआप चालू व्हावा म्हणून जवळजवळ प्रत्येक विहिरीवर ऑटोस्विच लावलेला असतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि वीज आली की सगळ्याच मोटरी एकदम सुरू होतात.

शेवटी एक प्रयोग. वारंवारता मोजणारा मल्टीमीटर शाळेत असेल तर घंटेच्या लहान रोहित्राच्या 9 किंवा 12 व्होल्टच्या बाजूला तो लावावा. मुख्य सॉकेटला हात लावू नये. दर मिनिटाला आकडा टिपावा. त्याच वेळी दूरच्या एखाद्या शाळेतल्या, शक्य असेल तर कर्नाटक किंवा आसाममधल्या, ओळखीच्या शिक्षकांना फोन करून तोच प्रयोग करायला सांगावा. मीटरागणिक शेवटच्या अंकात फरक पडेल. पण दोन्ही याद्यांचे आलेख एकाच कागदावर काढले तर ते एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात का, ते मुलांनाच पाहू द्यावे.