नेमबाजाची थैली

इतिहासात बंदुकीचा मान मोठा. बंदुकीबरोबर जी थैली जाते, तिची दखल सहसा कोणी घेत नाही. मला मात्र दूर पल्ल्याच्या नेमबाजीची हकीकत वाचताना या थैलीचेच कुतूहल अधिक वाटते.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. प्रत्येक बाजूला सहा नेमबाज; पल्ले ८००, ९०० आणि १००० यार्डांचे; प्रत्येक पल्ल्यावर माणशी १५ गोळ्या. मध्याचा वेध घेतला की ४ गुण. हजार यार्ड म्हणजे अर्ध्या मैलाहूनही अधिक!

आयरिशांच्या रिग्बी बंदुका ठासणीच्या. त्यांना दारू, गोळ्या, ठासायचा गज असे सारे वेगवेगळे बाळगावे लागे. अमेरिकनांच्या रेमिंग्टन आणि शार्प्स बंदुका मागून भरायच्या. त्यांना काडतुसे पुरत. बाकीचा संसार मात्र दोघांचाही बहुतेक सारखाच. काळ्या दारूची काजळी नळीत बसते, म्हणून ती पुसायला चिंध्या. गोळी कमानीसारखी वळत जाते, म्हणून पल्ल्यागणिक वरखाली करता येणारी, बारीक खुणांची निशाणपट्टी. बंदूक एका अंगाला कलू नये, म्हणून माशीपाशी गवंड्याच्या पाणसळीची इवलीशी धाकटी बहीण. वारा गोळीला ढकलतो, म्हणून मैदानावरच्या झेंड्यांकडे सतत लक्ष.

एवढ्या सिद्धतेने आलेल्या आयरिश संघातील मिल्नरने एक गोळी अगदी मध्यावर मारली. पण शेजारच्या लक्ष्याच्या! गुण शून्य.

शेवटी आयर्लंडचे ९३१ गुण झाले, अमेरिकेचे ९३०, आणि राहिली एकच गोळी, कर्नल बोडाइन यांची. तेवढ्यात त्यांच्या हातातील आल्याच्या पेयाची बाटली फुटली आणि हात कापला. रक्त वाहू लागले. हाताला रुमाल गुंडाळून ते हजार यार्डांवरच्या लक्ष्यासमोर आडवे झाले, आणि त्यांनी मध्याचा वेध घेतला. ९३४! मिल्नरचे ते ४ गुण जमेस धरले असते, तर आयर्लंडचे ९३५ झाले असते.

आज काळी दारू मागे पडली, यंत्रे सूक्ष्म झाली. तरी थैली भरणाऱ्या नेमबाजाने दुर्बीण, वाऱ्याची नोंदवही आणि गज यांच्याबरोबर एक साधा हातरुमालही घालावा, असे मला वाटते. आणि नेम धरण्यापूर्वी आपल्या लक्ष्याचा क्रमांक मात्र पुन्हा एकदा वाचावा. तो कोणत्याच थैलीत भरून नेता येत नाही.