शेअरांचें वेड : १८६५ ची मुंबई आणि आजची कृत्रिम बुद्धि

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेंतील ओपनएआय कंपनीनें चॅटजीपीटी नांवाचें यंत्र लोकांच्या हवालीं केलें, आणि तेव्हांपासून मनुष्यासारखें लिहिणारी, चित्रें काढणारी, प्रश्नांना उत्तरें देणारी ही कृत्रिम बुद्धि सुशिक्षित घरांतून नित्याच्या बोलण्याचा विषय होऊन बसली. प्रथम तिच्या करामतीचें कौतुक झालें. पुढें थोड्याच दिवसांत तिच्यावर पैसा कसा मिळेल याची चर्चा सुरू झाली. ज्या एन्व्हिडिया कंपनीच्या चिपांवर हीं यंत्रें चालतात, तिच्या सर्व भागांची बाजारांतील किंमत २०२३ सालीं एक लाख कोटि डॉलरांच्या वर गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें पांच लाख कोटींना जाऊन भिडली. मध्यंतरीं २७ जानेवारी १०२५ चा नव्हे, अगदीं कालपरवांचा म्हणावा असा २७ जानेवारी २०२५ चा दिवस उजाडला. चीनमधील डीपसीक कंपनीनें थोड्या खर्चांत तसेंच यंत्र केल्याची वार्ता पसरली, आणि त्या एका दिवसांत त्याच भागांची किंमत सुमारें एकोणसाठ हजार कोटि डॉलरांनीं उतरली. कोणी म्हणतो, हें नवें युग आहे. कोणी म्हणतो, हा फुगा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें मुंबईकरांना तरी कोणीं सांगावयास नको. त्यांच्या शहरानें हा प्रयोग १८६१ ते १८६५ या काळांत स्वतःच्या अंगावर करून पाहिलेला आहे.

१२ एप्रिल १८६१ रोजीं अमेरिकेंतील चार्लस्टन बंदरांत सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि उत्तर व दक्षिण संस्थानांचें युद्ध जुंपलें. उत्तरेच्या सरकारनें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडांतील लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा वांटा याच बंदरांतून येत असे. तो बंद पडतांच मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. आंखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला म्हणून ज्या 'सुरत' कापसाला लिव्हरपूलच्या बाजारांत कोणी मान देत नसे, त्याचा भाव युद्धापूर्वींच्या चौपटीच्या घरांत गेला. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी चालूं झाली होती. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ व धारवाड या प्रांतांतला माल मिळेल त्या वाटेनें मुंबईच्या वखारींत येऊन पडूं लागला. लोकांनीं घरच्या गाद्या उसवून आंतला कापूस विकला, अशी आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी नसली, तरी त्या वेळच्या मनःस्थितीची कल्पना तीवरून येते. मालांत भेसळ इतकी वाढली, कीं १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. त्याच वर्षीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध झालें. तें पुस्तक ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांना त्या काळच्या शहराची ऐट डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं.

नेहमींच्या किंमतीपेक्षां अधिक असे सुमारें ८ कोटि १० लक्ष पौंड या पांच वर्षांत मुंबईच्या पदरीं पडले, असा हिशेब पुढें झाला. त्या वेळच्या दरानें हे एक्यायशीं कोटि रुपये होतात. एवढा पैसा ठेवावयाचा कोठें, हा प्रश्न होता. गिरण्या थोड्या, कारखाने जवळजवळ नाहींत. शेतांत घालावा, तर व्यापाऱ्याला तो मार्ग परका. तेव्हां पैशानें स्वतःच आपल्यासाठीं घरें बांधावयास घेतलीं. बँका निघाल्या, बँकांना पैसा पुरविणाऱ्या फायनान्शियल कंपन्या निघाल्या, जहाजांच्या, विम्याच्या, गांसड्या दाबण्याच्या प्रेसच्या कंपन्या निघाल्या. १८६५ उजाडलें, त्या वेळीं शहरांत ३१ बँका आणि १६ फायनान्शियल कंपन्या होत्या. टाउन हॉलच्या परिसरांत झाडाखालीं जमणाऱ्या मूठभर दलालांचा धंदा आतां शहराचा मुख्य धंदा झाला. कारकून, वैद्य, वकील, विधवा, पेन्शनर, सारेच शेअरांची भाषा बोलूं लागले.

यांतला मेरुमणि म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. वाळकेश्वरापासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागराचा कांठ भरून काढावा, त्यावरून आगगाडी न्यावी आणि उरलेली जमीन विकावी, अशी ही योजना होती. बेट अरुंद, वस्ती दाट आणि जागेची टंचाई उघड. अशा शहरांत समुद्र हटवून जमीन काढण्याची कल्पना वेडगळ होती असें कोणीहि म्हणणार नाहीं. कंपनीचा भाग पांच हजार रुपयांचा. सरकारनें स्वतः ४०० भाग घ्यावे असा मुंबई सरकारचा विचार होता; परंतु कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनें त्यास संमति दिली नाहीं. ते भाग लिलावास निघाले आणि पांच हजारांच्या एकेका भागास पंचवीस हजारांहून अधिक रुपये आले. पुढें हा भाव सुमारें पन्नास हजारांपर्यंत चढला. समुद्रांत मातीच्या किती पाट्या पडल्या, याची चौकशी करीत बसणारा मनुष्य त्या दिवसांत मूर्ख ठरत होता.

या साऱ्या घडामोडींच्या केंद्रस्थानीं प्रेमचंद रायचंद हे होते. १८३१ सालीं सुरतेस जन्मलेला हा गृहस्थ मुंबईंत शिकला, दलालींत शिरला आणि वयाच्या तिशींतच कापूस व शेअर या दोन्ही बाजारांचा अनभिषिक्त राजा झाला. ते कोणाचे वाईट चिंतणारे नव्हते. उदार होते, बुद्धिमान होते, आणि दिलेला शब्द पाळण्याबद्दल त्यांची ख्याति होती. म्हणूनच त्यांच्या नांवावर लोकांनीं डोळे मिटून विश्वास टाकला. लबाड मनुष्यापेक्षां कर्तबगार मनुष्याच्या मागून जाणाऱ्या जमावाची हानि अधिक होते, असें या प्रकरणाच्या अभ्यासकाला वाटल्यास नवल नाहीं.

परंतु खरी गोम प्रेमचंदांच्या पेढींत नसून बँक ऑफ बॉम्बेच्या कायद्यांत होती, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ही बँक १८४० सालीं सरकारच्या सहभागानें स्थापन झाली. तिचा मूळ कायदा मोठा कडक होता. कर्ज कोणास, किती व कशाच्या तारणावर द्यावें यावर त्यांत बंधनें होतीं. १८६३ च्या दहाव्या कायद्यानें हीं बंधनें सैल झालीं, आणि कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक बँकेस मिळाली. आतां पहा काय झालें. एखाद्या व्यापाऱ्यानें बॅकबेचे शेअर घ्यावे, ते बँकेंत ठेवून कर्ज काढावें, त्या कर्जांतून एखाद्या नव्या फायनान्शियल कंपनीचे शेअर घ्यावे. त्या कंपनीनें आपलें भांडवल पुन्हां शेअरांच्याच तारणावर कर्जाऊ द्यावें, आणि त्या कर्जांतून पुन्हां बॅकबेलाच गिऱ्हाईक मिळावें. प्रत्येकाच्या वहींत जमेची बाजू भरलेली दिसे. पण तीच रक्कम चार वह्यांतून फिरत होती. प्रेमचंदांची शिफारस असली म्हणजे बँकेंत कर्ज मिळण्यास अडचण पडत नसे, हें पुढें चौकशींत उघड झालें. शिवाय पुष्कळसे व्यवहार वायद्याचे असत; माल आज घ्यावयाचा, पैसे काहीं महिन्यांनीं. १ जुलै १८६५ ही तारीख अशा असंख्य वायद्यांची ठरलेली होती.

आजच्या कृत्रिम बुद्धीच्या बाजाराकडे पाहतांना या फिरत्या रकमेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें एन्व्हिडियानें ओपनएआय कंपनींत दहा हजार कोटि डॉलरांपर्यंत रक्कम टप्प्याटप्प्यानें घालण्याचा मनोदय जाहीर केला. आणि ओपनएआय ज्या प्रचंड यंत्रशाळा उभारणार, त्यांत चिपा बसणार त्या एन्व्हिडियाच्याच. विकणाऱ्यानें गिऱ्हाइकाच्या खिशांत पैसे घालावे आणि गिऱ्हाइकानें त्यांतून माल घ्यावा, यांत बेकायदेशीर असें कांहीं नाहीं. व्यापारांत असें पूर्वींहि होत आलें आहे. मात्र अशा व्यवहारांत मागणी किती खरी आणि किती स्वतःचीच सावली, हें बाहेरच्या मनुष्यास ओळखतां येत नाहीं. उलटपक्षीं हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे, कीं १८६४ च्या बहुतेक मुंबईकर कंपन्यांपाशीं माहितीपत्रकाखेरीज कांहींच नव्हतें, तर आजच्या या बाजारांतील मोठ्या कंपन्यांना खरें उत्पन्न आणि खरा नफा आहे. चूक होण्यास मात्र तेवढ्यानें प्रतिबंध होत नाहीं. इंटरनेटच्या तेजींत सिस्को कंपनी अशीच नफ्यांत चालणारी होती, आणि तिचीं यंत्रें जगानें खरोखरच वापरलीं. तरी मार्च २००० मध्यें तिच्या शेअरानें जो उच्चांक गांठला, तो पुन्हां ओलांडण्यास डिसेंबर २०२५ उजाडावें लागलें. भाकित खरें ठरलें, पण भाव खोटा ठरला.

मुंबईची तेजी मोडली ती शांततेच्या बातमीनें. ९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली यानें ग्रँटपुढें शस्त्र खालीं ठेवलें. युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां बाहेर पडणार, आणि सुरत कापसाची मिरास सरली, एवढें समजण्यास बाजाराला फार वेळ लागला नाहीं. रक्तपात थांबल्याबद्दल जगानें आनंद मानावा, आणि मुंबईंत मात्र सुतक पडावें, असा विलक्षण प्रसंग आला. मे महिन्यांत बेहरामजी होरमसजी कामा यांची मोठी पेढी बुडाली आणि मग एकामागून एक दिवाळीं निघूं लागलीं. १ जुलैला देणेकरी सर्व आणि देणारा कोणीच नाहीं, अशी अवस्था झाली. बॅकबेचा पन्नास हजारांचा शेअर दोन हजारांच्याहि खालीं आला. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या शेअरानें २,८५० रुपयांचा भाव पाहिला होता, तो ८७ रुपयांस कोणी घेईल तर देण्याची पाळी आली. १८६८ सालीं ती बँक गुंडाळावी लागली. तिच्या जागीं त्याच नांवाची दुसरी बँक स्थापन झाली, आणि जुनीच्या चौकशीसाठीं सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं या प्रकरणावर इंग्रजींत स्वतंत्र पुस्तक लिहिलें. ज्यानें हा काळ विद्यार्थिदशेंत स्वतः पाहिला त्याच्या लेखणींतून तें उतरलें असल्यामुळें त्यास विशेष मोल आहे.

नुकसान केवळ सटोडियांचें झालें असतें, तर त्याचें एवढें दुःख करण्याचें कारण नव्हतें. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें नांव महाराष्ट्रास सांगावयास नको. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतला हा विद्वान गरिबांस फुकट औषध देई, शिलालेख वाची, महारोगावर औषध शोधी. शेअरांच्या या लाटेंत त्यांची सारी मिळकत वाहून गेली. १८७४ सालीं ते वारले. एवढ्या चौकस बुद्धीच्या मनुष्यास जें टळलें नाहीं, तें सामान्य गृहस्थास कसें टळावें? नसरवानजी टाटा यांची पेढीहि याच तडाख्यांत सांपडली. त्यांचे चिरंजीव जमशेटजी हिंदी बँक काढण्याच्या खटपटीसाठीं विलायतेस गेले होते. ती बँक निघालीच नाहीं. परंतु लँकशायरच्या गिरण्या त्यांनीं तेथें पाहिल्या, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

शहराची वस्तीहि ओसरली. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईंत ८,१६,५६२ माणसें मोजलीं गेलीं होतीं. १८७२ मध्यें तीं ६,४४,४०५ भरलीं. घाटावरच्या शेतकऱ्याची कथा तर मुंबईच्या बखरींत सहसा येतच नाहीं. कापसाच्या तेजीच्या वर्षांत सावकारानें त्याला सढळ हातानें कर्ज दिलें, कारण पीक सोन्याच्या भावानें जात होतें. भाव उतरल्यावर पीक तेंच राहिलें, सारा वाढला, आणि कर्ज व्याजासह तसेंच उभें राहिलें. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. त्या दंग्यांचीं कारणें अनेक होतीं, पण त्यांतलें एक मूळ या तेजींत होतें. ज्यानें आयुष्यांत शेअराचा कागद पाहिला नव्हता त्यानेंहि शेअरांचें देणें असें फेडलें.

आणि तरीहि ती चार वर्षें सर्वस्वीं वायां गेलीं असें म्हणवत नाहीं. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचे तट पडले आणि शहर मोकळें झालें. प्रेमचंदांनीं तेजीच्या भरांत विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा यांसाठीं चार लक्ष रुपये दिले; त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला, तेव्हां त्यांचें वैभव ओसरून तेरा वर्षें लोटलीं होतीं. आजच्या यंत्रशाळांबद्दल हीच आशा कांहीं लोक बाळगतात. तेजी मोडली तरी यंत्रें राहतील, असें ते म्हणतात. यांत एक अडचण आहे. भरून काढलेली जमीन शंभर वर्षें टिकते. चिपा मात्र कांहीं वर्षांतच जुन्या होतात, आणि त्यांच्या जागीं नव्या घ्याव्या लागतात. तेव्हां या वेळीं मागें काय उरेल, हें त्या जमिनीवरून ठरवितां येणार नाहीं.

बॅकबे कंपनी दिवाळ्यांत निघाल्यावर तिनें भरलेली पट्टी सरकारकडे गेली. तीवर लोहमार्ग पडला, आणि १८६७ सालीं विरारहून निघालेली गाडी बॅकबे स्टेशनापर्यंत येऊन पोंचली. ग्रँट रोडवरून चर्नी रोड व मरीन लाइन्स ओलांडून चर्चगेटकडे जाणारी पश्चिम रेल्वेची लोकल आज त्याच वाटेनें धांवते.