देवनार क्षेपणभूमी

देवनार क्षेपणभूमी ही मुंबईच्या पूर्व उपनगरांतील घनकचरा टाकण्याची जागा असून भारतातील सर्वांत जुन्या व मोठ्या क्षेपणभूमींमध्ये तिची गणना होते. ठाणे खाडीलगत सुमारे १३२ हेक्टर क्षेत्रावर ती पसरलेली आहे. तिचा वापर १९२७ मध्ये सुरू झाला. बोलचालीत ती ‘डम्पिंग ग्राउंड’ म्हणून ओळखली जाते.

== इतिहास ==
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरल्यानंतर कचरा शहराबाहेर नेण्याची निकड वाढली. त्या काळी चेंबूर-देवनारचा दलदलीचा प्रदेश शहराच्या हद्दीबाहेर होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला कुर्ला-चेंबूर लोहमार्ग मुख्यतः कचरा वाहून नेण्यासाठी होता. १९२४ मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला. पुढे शहराचा विस्तार होऊन क्षेपणभूमीभोवती लोकवस्ती वाढली. १९७० च्या दशकात मुंबईच्या इतर भागांतून हटवलेल्या अनेक झोपडीवासीयांना शिवाजीनगर व बैंगनवाडी परिसरात वसवण्यात आले.

== कचऱ्याचे प्रकार ==
* '''जैवविघटनशील (ओला) कचरा''' : अन्नपदार्थ, भाजीपाल्याचे अवशेष, पालापाचोळा. मुंबईच्या कचऱ्यात याचे प्रमाण सर्वाधिक आहे.
* '''सुका कचरा''' : प्लास्टिक, कागद, काच, धातू, कापड.
* '''घरगुती घातक कचरा''' : बॅटऱ्या, रंगांचे डबे, मुदत संपलेली औषधे.
* '''राडारोडा''' : बांधकाम व पाडकामातून निघणारी माती, विटा आणि काँक्रीट.

== कचरा साचण्याची कारणे ==
वाढती लोकसंख्या, वेष्टनासाठी प्लास्टिकचा वाढलेला वापर आणि घरपातळीवरील वर्गीकरणाचा अभाव ही प्रमुख कारणे होत. ओला व सुका कचरा एकत्र झाल्यास खतनिर्मिती व पुनर्चक्रीकरण दोन्ही अवघड होतात आणि सर्वच कचरा क्षेपणभूमीकडे जातो. देवनार येथे अनेक दशके कचरा केवळ ओतला गेला. तळाशी अभेद्य अस्तर किंवा वायू गोळा करण्याची पुरेशी यंत्रणा नसल्याने तेथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले.

== परिणाम ==
प्राणवायूविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. त्यामुळे क्षेपणभूमीत वारंवार आगी लागतात. आग ढिगाच्या आत धुमसत राहत असल्याने पृष्ठभागावर पाणी मारूनही ती लवकर विझत नाही. जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर उपग्रहीय छायाचित्रांतही दिसला व परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्च २०१६ मध्ये पुन्हा आग लागली.

कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी जमिनीत व खाडीत उतरून कांदळवनांना हानी पोहोचवते. धूर व दुर्गंधी यांमुळे रहिवाशांना श्वसनाचे विकार होतात. क्षेपणभूमी ज्या एम-पूर्व विभागात आहे, तो २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात सर्वांत खालच्या स्थानी होता.

कचरावेचक येथून प्लास्टिक, धातू व काच वेचून भंगारवाल्यांना विकतात. त्यांच्या श्रमामुळे पुनर्वापरयोग्य माल उद्योगांपर्यंत पोहोचतो. मात्र हातमोजे वा बूट यांसारख्या साधनांअभावी त्यांना जखमा व संसर्ग यांचा धोका असतो. क्षेपणभूमी बंद झाल्यास त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो.

== व्यवस्थापन व न्यायालयीन हस्तक्षेप ==
घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा निर्माण करणाऱ्याने ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण करणे बंधनकारक करण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची योग्य विल्हेवाट होत नसल्याने शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते सशर्त शिथिल केले. दरम्यान शहराच्या कचऱ्याचा मोठा भाग कांजूरमार्ग येथे वळवण्यात आला. तेथे जैव-अभिक्रियक पद्धतीने प्रक्रिया केली जाते.

देवनार येथे दररोज ६०० टन कचऱ्यापासून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. साचलेला जुना कचरा सुमारे १८५ लाख टन असल्याचा महापालिकेचा अंदाज आहे. तो जैवखनन पद्धतीने हटवण्यासाठी २०२५ मध्ये निविदा काढण्यात आली. या पद्धतीत जुना कचरा उकरून, चाळून त्यातील माती, ज्वलनशील पदार्थ व राडारोडा वेगळा केला जातो. क्षेपणभूमीच्या काही भागावर धारावी पुनर्विकासांतर्गत घरे बांधण्याचा प्रस्ताव असून, मिथेन व दूषित पाण्याच्या धोक्यामुळे त्यावर आक्षेप घेण्यात आले आहेत.