दंष्ट्री प्राणी आणि त्याचा धनी

पाळलेला कुत्रा कुणाच्या तरी अंगावर जातो, त्याची चित्रफीत दोन दिवस फिरते आणि तिसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं: दोष जातीचा नसतो, मालकाचा असतो. वाक्य इतकं समंजस वाटतं की त्याला विरोध करणारा आपोआप अडाणी ठरतो. शिवाय समोर उभा असतो तो ‘या जातीच बंद करा’ म्हणणारा, आणि त्याची बाजू खरोखरच कच्ची असते. त्यामुळे हे वाक्य वाद न होताच जिंकतं. माझ्या मते ते अर्धं खोटं आहे, आणि जे अर्धं खरं आहे तेही म्हणणाऱ्यांना परवडणारं नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एलिनॉर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या आणि 2,155 कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने उलगडतो तो सुमारे 9 टक्के, असा निष्कर्ष निघाला. कुत्रा किती लवकर बिथरतो, या गुणाचा जातीशी संबंध तर नगण्यच निघाला. जात ओळखण्याचीही पंचाईत आहे. अमेरिकेतल्या चार आश्रयकेंद्रांतल्या 120 कुत्र्यांपैकी 62 कुत्रे तिथल्या जाणत्या कर्मचाऱ्यांनी ‘पिटबुल’ म्हणून नोंदवले होते, डीएनए तपासणीत तसे 25 भरले. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चाव्यांत फरक पडेना म्हणून 2008 मध्ये ती उठवली. इटलीनेही लांबलचक यादी केली आणि 2009 मध्ये ती गुंडाळली.

आपल्याकडचा प्रयोग तर महिनाभरही टिकला नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 12 मार्च 2024 रोजी 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला राज्यांना सांगितलं. यादीत पिटबुल आणि रॉटवायलर होते, तसेच तोर्नजाक आणि शार्प्लानिनाकही होते. (हे दोन कुणी पुण्या-मुंबईत पाहिले असतील तर त्यांनी जरूर कळवावं.) संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, या कारणावरून कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्येच ते परिपत्रक रद्द केलं. थोडक्यात, याद्या करून प्रश्न सुटत नाही, हे मला मान्य आहे.

पण ‘यादी चुकीची’ इथून ‘जात निरर्थक’ इथे उडी मारता येत नाही. त्या 9 टक्क्यांचंच बघा. उरलेले 91 टक्के मालकाच्या नावावर चढवायला त्या निबंधाने कुणालाही सांगितलेलं नाही. उलट वागण्याचे बहुतेक गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक असतात, असं तोच निबंध म्हणतो. फक्त ते गुण एका जातीतल्या दोन कुत्र्यांतही वेगवेगळे उतरतात. म्हणजे एखादा कुत्रा जन्मतःच तापट असू शकतो आणि त्याचा मालक साधासरळ असू शकतो. ‘मालकच वाईट’ म्हणणाऱ्याला हा निष्कर्ष कुठे बसवायचा ते कळणार नाही. आक्रमकता रक्तातून उतरते का, हे पाहायचं तर सायबेरियात नोवोसिबिर्स्कला जावं. तिथे 1959 पासून जनुकशास्त्रज्ञ बेल्याएव यांनी कोल्ह्यांची निवडून पैदास केली. माणसाळलेल्यांची एक शाखा तयार झाली, तशी पुढे मुद्दाम चवताळणाऱ्यांचीही झाली. पिंजऱ्याजवळ येणाऱ्या माणसावर झेप घेणाऱ्या त्या कोल्ह्यांना कुणा ‘वाईट मालकाने’ बिघडवलेलं नव्हतं.

इथे महाराष्ट्रात हमखास पुढे येणारा एक दृष्टांत निकाली काढायला हवा. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणं पाप, मग कुत्र्याची ठरवणं पुण्य कसं? प्रश्न बिनतोड वाटतो, पण दृष्टांतच असिद्ध आहे. जातिव्यवस्थेला सुप्रजननाचा आधार आहे हा दावा बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला, कारण माणसांच्या जातींमागे तसली निवड कधी झालीच नव्हती. कुत्र्यांच्या बाबतीत झाली ती नेमकी तीच. पॉइंटर शिकवल्याशिवाय पाय उचलून शिकारीकडे रोखून उभा राहतो, बॉर्डर कॉली मेंढ्या नसल्या तर घरातली पोरं वळायला बघतो. हे गुण माणसांनी पिढ्यान्पिढ्या जोड्या लावून आणले. इंग्लंडात 1835 च्या कायद्याने बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद झाला, तेव्हा कुत्र्यांच्या झुंजी चोरून वाढल्या. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून जे कुत्रे घडवले, त्यांचे वंशज म्हणजे आजचे पिटबुल. माणसाला चावणारा कुत्रा झुंजवाल्यालाही नकोच असे, कारण त्याला स्वतः रिंगणात उतरून कुत्रे सोडवावे लागत. हवी होती ती वेगळीच गोष्ट: एकदा धरलं की न सोडणं, स्वतःला जखम झाली तरी. पिटबुलचा जबडा कुलपासारखा अडकतो ही भाकडकथा आहे. तो अडकत नाही, कुत्रा सोडत नाही. त्या व्यवहारातली माणसं जबड्यात घालायला लाकडी पाचर जवळ बाळगतात, ती उगाच नव्हे.

मालकांना विचारून केलेल्या पाहण्यांत माणसांवर सर्वांत जास्त गुरगुरणारे आणि चावणारे म्हणून पुढे येतात ते डॅशहुंड आणि चिहुआहुआ. पण चिहुआहुआने मूल ठार केल्याची बातमी कुणी वाचलेली नसते. किती वेळा चावतो हा एक प्रश्न, आणि चावल्यावर काय उरतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जातीवरून फारसं मिळत नाही. दुसऱ्याचं मात्र कुत्र्याचं वजन, जबडा आणि धरून झिंजाडण्याची सवय बघूनच द्यावं लागतं, आणि हे तिन्ही जातीबरोबर येतं. जातीचे वकील पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात.

आता मालक. हा वाईट मालक म्हणजे नक्की कोण? मारझोड करणारा, उपाशी ठेवणारा, झुंजवणारा, असंच चित्र डोळ्यांपुढे आणलं जातं. अमेरिकेत 2000 ते 2009 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या 256 मृत्यूंचा एक बारकाईचा अभ्यास आहे. तो करणाऱ्यांत जातिबंदीला विरोध करणाऱ्या संस्थेची माणसंही होती, म्हणजे साक्षीदार त्यांचाच. छळ किंवा हेळसांड झालेले कुत्रे त्यात सुमारे 21 टक्के प्रकरणांत आढळले. आणि सुमारे 87 टक्के प्रकरणांत मधे पडू शकेल असा धडधाकट माणूस जवळ नव्हता.

लखनौमध्ये जुलै 2022 मध्ये 82 वर्षांच्या बाई घरातच वाढलेल्या पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. कुत्रा मुलाने पाळलेला होता आणि मुलगा त्या वेळी बाहेर गेला होता. यात मालक वाईट होता की चांगला, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्या घरात त्या वेळी त्या कुत्र्याला आवरू शकेल असं कुणी नव्हतं.

आपल्या शहरांत तर ‘मालक’ आणि साखळी धरणारा हात यांची गाठच पडत नाही. पिल्लू हौसेने घेणारा सकाळी आठला कामावर जातो. कुत्र्याला खाली नेते ती धुण्याभांड्याची बाई, नाहीतर चार इमारतींतले चार कुत्रे एकदम फिरवणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. लिफ्टचं दार उघडतं, आत दप्तर घेतलेलं एक पोर असतं. चाळीस किलोचा रॉटवायलर पुढे झेपावतो, बाई साखळीबरोबर ओढली जाते आणि म्हणते, “काही करत नाही हो तो.” तिला दुसरं काय म्हणता येणार? कुत्रा तिने निवडलेला नाही, आणि तो नको म्हटलं तर काम जातं. ‘दोष मालकाचा’ म्हणताना ही बाई कुणाच्या हिशोबात असते?

ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तिच्या व्यवहाराध्यायात यावर एक नेमकी तरतूद आहे. दाताच्या किंवा शिंगाच्या जनावराने कुणाला धरलं, आणि सोडवण्याची ताकद असूनही धन्याने सोडवलं नाही, तर त्याला दंड. धरलेल्याने आरडाओरडा केला असेल तर दुप्पट. जनावर कोणत्या वाणाचं, धन्याने त्याला प्रेमाने वाढवलं की काठीने, याची तिथे विचारपूसच नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईत मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला पिटबुल चावत होता आणि त्याचा मालक हसत होता, ती चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. याज्ञवल्क्यापुढे हे प्रकरण दोन वाक्यांत निकालात निघालं असतं, आणि दंड दुप्पट बसला असता. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. कागदपत्रांसह घेतलेल्या रॉटवायलरच्या पिल्लाला याहून जास्त पैसे मोजावे लागतात.

स्मृतीच्या तरतुदीत एक फट आहे, आणि आजचा प्रश्न तिथेच आहे. सोडवण्याची ताकद असून सोडवलं नाही तर दंड, पण ताकदच नसेल तर? पन्नास किलोचा जबर कुत्रा आणून तो चारजणांनाही आवरत नाही असं म्हणणाऱ्याला आपण हळहळून सोडून देतो. माझ्या मते त्याचा अपराध मोठा, कारण आवरणार नाही असं जनावर त्याने जाणूनबुजून घरात आणलं. जात इथे पुन्हा वादात येते. बंदी घालण्याच्या यादीसाठी ती निरुपयोगी असली, तरी हे जनावर कोण आवरणार हे ठरवताना तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

महापालिकेच्या कुत्र्याच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. त्याच अर्जात आणखी दोन रकाने घालता येतील: पूर्ण वाढ झाल्यावरचं कुत्र्याचं वजन, आणि त्याला रोज बाहेर नेणाऱ्या माणसाचं नाव. अमुक किलोंच्या वरचा कुत्रा असेल तर त्या माणसाने तो अधिकाऱ्यासमोर एकदा चालवून, ओढून, जागच्या जागी थांबवून दाखवावा. मालकाला जमलं आणि कामाच्या बाईला जमलं नाही, तर साखळी तिच्या हाती द्यायची नाही. मग तो पिटबुल असो, की गोंडस दिसला म्हणून आणलेला सेंट बर्नार्ड.