मज्जासंस्थेतील निरोधक ग्राही : एका नकारात्मक कसोटीचा इतिहास

मज्जासंस्थेचे कार्य जितके उद्दीपनावर, तितकेच निरोधनावर अवलंबून असते. तथापि निरोधन घडविणारे द्रव्य कोणते, या प्रश्नाचा निकाल लागण्यास विलंब झाला. त्याला प्रयोगातील चुकीपेक्षा अनुमानातील घाईच अधिक कारणीभूत होय.

गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल, म्हणजेच ‘गाबा’, मेंदूत असल्याचे १९५० साली यूजीन रॉबर्ट्स प्रभृतींनी दाखविले. मेंदूच्या अर्कातील जो अंश क्रेफिशच्या मज्जापेशीस शांत करतो, तो मुख्यतः गाबाच होय, असे १९५७ मध्ये बेझमोर, एलियट व फ्लोरी यांनी सिद्ध केले. यानंतर प्रश्न उरला तो सस्तन प्राण्यांचा.

१९५९ साली कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील पेशींवर गाबाचा प्रयोग केला. पेशी शांत झाल्या. परंतु स्ट्रिक्नीनने हा परिणाम रोखला गेला नाही. काजऱ्याच्या बियांतील हे विष मज्जारज्जूतील नैसर्गिक निरोधन नाहीसे करते, हे तेव्हा ज्ञात होते. सबब, इतर कारणांबरोबर याही कारणास्तव, गाबा हे नैसर्गिक निरोधक द्रव्य नव्हे असे ठरविण्यात आले.

निरीक्षण अचूक होते. त्यामागील गृहीत मात्र तपासलेले नव्हते. निरोधन एकच, म्हणून त्याचे द्रव्य व ग्राहीही एकच, असे ते गृहीत होते. १९६५ मध्ये ॲप्रिसन व वर्मन यांनी मज्जारज्जूच्या संदर्भात ग्लायसीनकडे लक्ष वेधले. स्ट्रिक्नीन रोखते ते ग्लायसीनला, हे पुढे कर्टिस यांच्याच प्रयोगशाळेत स्पष्ट झाले. १९६७ मध्ये कर्नयेविच व श्वार्ट्झ यांनी मेंदूच्या बाह्यकातील निरोधनाशी गाबाचे साम्य दाखविले. आणि गाबाला रोखणारे बायक्युक्युलीन १९७० साली कर्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीच पुढे आणले.

विषांच्या साहाय्याने केलेला हा भेद १९८७ मध्ये रेणूंच्या पातळीवर प्रत्ययास आला. दोन्ही ग्राहींच्या प्रथिनांची रचना त्या वर्षी प्रसिद्ध झाली. ते भिन्न, परंतु एकाच कुळातील निघाले : पाच उपघटक एका छिद्राभोवती रचलेले, प्रत्येक उपघटक पेशीपटलातून चार वेळा गेलेला, आणि छिद्रातून जाणारे क्लोराइड आयन. दरम्यान १९८१ मध्ये हिल व बाउरी यांनी गाबाचाच आणखी एक, ‘ब’ प्रकारचा, ग्राही वेगळा दाखविला होता. तो स्वतः आयनमार्ग नसून जी-प्रथिनांच्या द्वारे कार्य करतो.

तात्पर्य, विषाची कसोटी ग्राहीविषयी साक्ष देते, द्रव्याविषयी नव्हे. १९५९ ची साक्ष खरी होती. ती कोणाविषयी होती, हे उमगण्यास एक दशक लागले.