मालपुऱ्याचा रस्ता

1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाल्या. पुढे तो तलाव आटला आणि शहर बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी पिऊ लागलं. त्या जलाशयाकडे जाताना मी जगतपुऱ्याहून निघून सांगानेर, फागी, डिग्गी, मालपुरा ही ठिकाणं राज्य महामार्गानं ओलांडते, पुढे टोडारायसिंग.

मालपुऱ्याला गाडी थांबवते. एप्रिल 1800 मध्ये इथेच शिंद्यांचे सरदार लखबादादा लाड यांनी सवाई प्रतापसिंहांच्या फौजेला हरवलं. हवामहल बांधून जेमतेम वर्ष झालं होतं. भांडण थकलेल्या खंडणीचं होतं.

त्या लढाईवरचा एक मराठी मजकूर हिंदीत आणताना मी याच शब्दाशी अडले. जुन्या दप्तरांत 'खंडणी' हा राज्यकारभारातला रोजचा शब्द; आजच्या मराठी वर्तमानपत्रात तो गुन्हेगारीच्या बातमीत येतो. 'कर' लिहिलं तर आपल्या फौजेची बाजू घेतल्यासारखं होतं. इथले शेजारी त्या काळाला 'लूट'च म्हणतात.

शेवटी 'वसूली' लिहिलं. मराठी वाचक रागावतील कदाचित. पण त्या शब्दाचा अर्थ मी नाही बदलला. दोनशे वर्षांत आपल्याच भाषेनं तो बदलला आहे.