निष्ठा सोडली ती कोणावरची?

परक्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या कुटुंबाचा विषय निघाला की आपल्याकडे निकाल तयारच असतो : नाळ तोडली. वर पुरावाही दिला जातो. अमेरिकेच्या शपथेत आधीच्या राजाशी वा राज्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडल्याचं उजवा हात वर करून म्हणावं लागतं. आक्षेप पोकळ नाही. शपथ ती शपथच.

पण निष्ठा सोडली ती कोणावरची? पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलगे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. माणूस ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीचा पाठीराखा. १९२१ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्या शपथेनं त्यांनी ज्याचं प्रजाजन असणं झुगारलं, तो होता पंचम जॉर्ज. याला देशद्रोह म्हणायचं, तर गदरवाल्यांना काय म्हणणार?

पुढे १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. बगाईंचं नागरिकत्व गेलं. कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यापायी मालमत्ता, दुकान विकावं लागलं. १९२८ मध्ये हिंदुस्थानात जायचं म्हटलं, तर अमेरिकी पासपोर्ट नाकारून ब्रिटिश पासपोर्ट काढायचा सल्ला मिळाला. म्हणजे परत त्याच राजाच्या दारात! ते गेले नाहीत. एका वृत्तपत्रासाठी पत्र लिहून त्याच वर्षी त्यांनी जीवन संपवलं. मायदेशी जाण्याची ओढ आणि परक्या नागरिकत्वाचा आग्रह एकाच माणसात होता. नाळवाल्यांनी हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते सांगावं.

नागरिकत्व घेतलेले आपले लोक संकोचानं म्हणतात, 'अहो, नुसता कागद आहे.' हेही मला पटत नाही. तो कागद गेला तेव्हा बगाईंचं काय काय गेलं ते वर आलंच आहे.

राहिला भारतीय पासपोर्ट. रद्दचा शिक्का मारून तो परत येतो, तेव्हा तो सोडल्याचा ठपका कुटुंबावर बसतो. पण दोन्ही नागरिकत्वं ठेवू न देणारा कायदा आपलाच आहे : १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम. ते असावं की नसावं, हा वेगळा वाद. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड येण्याजाण्याची सोय करतं. मतदानाचा हक्क देत नाही, शेतजमीन विकत घेऊ देत नाही. एवढं सोडून लोक नागरिकत्व घेतात, कारण जिथे संसार आहे तिथून कुणी उठवू नये, एवढं त्यांना हवं असतं.

अमेरिकेतल्या १९४६ च्या कायद्यानं हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट पुन्हा खुली झाली, त्यानंतर कला बगाई अमेरिकेच्या नागरिक झाल्या. पूर्वी बर्कलीत घेतलेल्या घरी हे कुटुंब सामानसुमानासह पोचलं होतं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना आत शिरू दिलं नव्हतं. त्याच बर्कलीत आज एका रस्त्याला कला बगाईंचं नाव आहे.